वर्गणीचा सिनेमा, तिकिटाचा सिनेमा

मुंबईत सिनेमा दाखवण्याला सध्या बरे दिवस आलेत. शनिवारी संध्याकाळी शहरात चक्कर मारली तर कुठल्यातरी गच्चीवर बीनबॅगा टाकून, कानाला वायरलेस हेडफोन लावून तरुण मंडळी एखादी अमेरिकन प्रेमकथा बघताना सापडतील. एखाद्या कॅफेत हॅरी पॉटरचे भाग ओळीने चाललेले असतील आणि प्रेक्षक गळ्यात त्या शाळेचे मफलर घालून आलेले असतील. मल्टिप्लेक्समध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा सिनेमा पुन्हा लागलेला असतो आणि गाणं सुरू झालं की अख्खं प्रेक्षागृह गायला लागतं. बीकेसीत तर २०२१ पासून मॉलच्या गच्चीवर स्वतःच्या मोटारीत बसून सिनेमा बघायची सोय आहे. सिनेमा घरबसल्या, खिशातल्या फोनवर मिळत असताना लोक पैसे मोजून, ट्रॅफिक सोसून तो चारचौघांत बघायला जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. या 'थीम नाईट'ना नाकं मुरडणारी जी जमात आहे, तिच्यात मी नाही. सिनेमा बघताना मफलर घातल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या कार्यक्रमांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. तेच पंधरा-वीस सिनेमे फिरून फिरून येतात. नव्वदच्या दशकातले शाहरुखपट, दोन-चार अमेरिकन प्रेमकथा, नाताळात नाताळचे, फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनचे, ऑक्टोबरअखेरीस भुतांचे. या शहरात मराठी, हिंदी, गुजराती, मल्याळी, तमिळ, कोंकणी बोलणारी माणसं एकाच लोकलमधून जातात. सव्वाशे वर्षं इथे सिनेमा दाखवला जातो, शंभराहून अधिक वर्षं तो इथे बनतो. आणि तरी शनिवारी रात्रीची निवड एवढीशीच? आयोजकांना दुसरं काही ठाऊक नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्यातले बरेच जण सिनेमावेडे आहेत आणि खाजगीत त्यांच्याशी बोललं तर डोळे दिपतील इतकं त्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यांना प्रत्येक रात्र वेगळी विकावी लागते. आणि एकेक रात्र विकायची असेल, तर गिऱ्हाइकाला आधीपासून आवडणारी वस्तूच दुकानात मांडावी लागते.

इथे थोडं मागे जायला हवं. मुंबईत पहिला सिनेमा दाखवला गेला ७ जुलै १८९६ ला, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंचा माणूस सहा छोट्या फिती घेऊन आला होता. तिकीट एक रुपया. त्या काळात एका रुपयात घरात काय काय येत असे, हे आठवलं की प्रेक्षक कोण असतील ते वेगळं सांगायला नको. पण आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे पुढे दर चार आण्यांपासून सुरू झाले, पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी सोय झाली. म्हणजे मोजक्यांची संध्याकाळ की सगळ्यांचा खेळ, हा झगडा सिनेमाच्या पहिल्या महिन्यापासून या शहरात चालू आहे, आणि तो मुख्यतः दराने मिटतो. वॉटसनची ती इमारत, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, टेकू लावलेल्या अवस्थेत उभी आहे. तिच्यावरून रोज हजारो माणसं जातात.

पुढे गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा पट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम हलू लागले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती ऐकताना एक साधी बाब निसटते. त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाच्या घरात वाढलेला हा माणूस येशूचा सिनेमा बघायला बसला होता. तो पट त्याच्यासाठी निवडलेला नव्हता, त्याच्या 'आवडीनुसार' तर नव्हताच. आजच्या कुठल्याही अ‍ॅपने फाळक्यांना तो सुचवला नसता.

दुसरं उदाहरण याहून ठळक. २४ जानेवारी १९५२ ला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत, न्यू एम्पायरमध्ये सुरू झाला. त्यात डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता. बिमल रॉय आणि त्यांची मंडळी तो बघून बाहेर पडली ती डोक्यात काहीतरी घेऊन, आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. एका सायकल चोरीला गेलेल्या इटालियन मजुराने कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शेतकरी जन्माला घातला. हे महोत्सवाचं फळ म्हणून सांगितलं जातं. मी म्हणेन, परक्याने केलेल्या निवडीचं फळ. कुणीतरी ठरवलं की मुंबईकरांनी हे बघावं, आणि मुंबईकरांनी ते निमूट बघितलं. न्यू एम्पायर २०१४ मध्ये बंद पडलं.

महोत्सव वर्षातून एकदा. मग बारा महिने काय? त्याचं उत्तर फिल्म सोसायट्यांनी दिलं. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्तांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात सोसायटी काढली, १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी ते मराठी मध्यमवर्गात रुजवलं. बँकेतले कारकून, शिक्षक, मंत्रालयातले बाबू, गिरणगावातले हौशी नाटकवाले संध्याकाळी सातला कुरोसावा आणि बर्गमन बघायला यायचे. घरी जाताना दादरच्या पुलावर भांडण व्हायचं की यात काही कळलं की नाही. पुण्यात १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह होतं, पी. के. नायरांनी जमवलेली रिळं होती, सतीश बहादुरांचा रसास्वादाचा वर्ग होता. रसास्वाद शिबिरं मराठीतूनही भरायला लागली. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक आलं त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असं लिहिणाऱ्याला वाचकही लागतो आणि तो वाचक अशाच अंधाऱ्या हॉलमध्ये तयार झाला.

या सगळ्याचं श्रेय आपण सहसा त्या पिढीच्या ध्येयवादाला देतो. ध्येयवाद होताच. पण त्याखाली एक रुक्ष हिशेब होता आणि माझ्या मते खरी गोम त्या हिशेबात आहे. सोसायटी वर्षाची वर्गणी घेत असे. जानेवारीत पैसे भरले की डिसेंबरपर्यंत जे दाखवतील ते. त्यामुळे निवड करणाऱ्याला प्रत्येक सिनेमा विकावा लागत नसे. बारा कार्यक्रमांपैकी तीन लोकांना आवडले, चारांत डुलक्या लागल्या, दोनांवरून पुढे वर्षभर वाद झाला, तरी वर्ष तरून जायचं. हंगेरीचा दिग्दर्शक, ज्याचं नावही धड उच्चारता येत नाही, त्याचा सिनेमा एखाद्या मंगळवारी लावायला काही धाडस लागत नव्हतं, कारण खुर्चीचे पैसे आधीच गल्ल्यात होते. तिकिटाच्या हिशेबात हे बसत नाही. तिथे अनोळखी सिनेमा म्हणजे रिकाम्या खुर्च्या आणि रिकाम्या खुर्च्या म्हणजे हॉलचं भाडं स्वतःच्या खिशातून. मग आयोजक बिचारा शाहरुखकडे वळतो. शंभरातले नव्वद आयोजक त्या जागी हेच करतील आणि मीही करेन.

सोसायट्यांवर आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. त्यांच्यात दोष भरपूर होते. पहिला, सगळ्यांना ठाऊक असलेला पण छापील लेखांत कमी येणारा: परदेशी सिनेमे सभासदांपुरते सेन्सॉरविना दाखवायची सवलत होती आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत सभासदसंख्या फुगायला ती सवलतही कारणीभूत होती. काही सभासद पोलिश सिनेमाच्या ओढीने येत आणि काही पोलिश नटीच्या. दुसरा दोष गंभीर. चर्चा ठरावीक चार-पाच पुरुषांच्या ताब्यात असे. सिनेमा संपला की तेच उठून बोलत, तेच सार्त्रचं नाव घेत, आणि मागच्या रांगेतल्या मुलीला विचारायचं असलेलं विचारायचं राहून जाई. गिरणगावात राहणारा कामगार हॉलपासून दहा मिनिटांवर असला तरी त्याच्यासाठी निमंत्रण नव्हतं. सबटायटल इंग्रजी, परिचय इंग्रजी, पत्रक बऱ्याचदा इंग्रजी. मराठी पत्रक काढणारी मंडळं हा अपवादच म्हणायचा. रंगीत टीव्ही आला, मग व्हिडिओ, मग इंटरनेट. सभासद गळत गेले. जी मंडळं टिकली ती आज केस पांढरे झालेल्या लोकांवर टिकून आहेत.

पण निवड दुसऱ्याने करायची आणि आपण बघायचं, ही सवय सोसायट्यांनी आणली असंही नाही. ती गल्लीत आधीपासून होती. गणेशोत्सवात गिरगाव, लालबाग, परळच्या गल्ल्यांत सोळा मिलिमीटरचा सिनेमा दाखवत. रस्त्याच्या आरपार दोरी, दोरीला पांढरी चादर, प्रोजेक्टर भाड्याचा. चादर पातळ असल्याने चित्र दोन्ही बाजूंना दिसे, म्हणून माणसं दोन्ही बाजूंना बसत. पलीकडच्या बाजूला सगळं उलटं: नावं आरशात दिसावीत तशी, नायक डावखुरा. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला ही बाजू. रीळ बदलताना दिवा लागे आणि कुणाच्या तरी हाताच्या सावलीचा कुत्रा चादरीवर भुंकून जाई. सिनेमा मंडळाचे कार्यकर्ते ठरवत. आदल्या दिवशी एखादा पौराणिक, दुसऱ्या दिवशी हाणामारीचा. कुणी मतदान घेतलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी हाणामारीचाही पाहत आणि टपोरी पोरं तुकारामही बघत. पैसे कुठून आले? वर्गणीतून. पावतीपुस्तक घेऊन पोरं दारोदार फिरली होती. म्हणजे सोसायटीचं आणि मंडळाचं अर्थशास्त्र एकच होतं, फक्त एकाला त्यात बर्गमन बसवायचा होता.

यावर कुणी म्हणेल, लोकांना जे आवडतं ते दाखवण्यात गैर काय? आणि जुने सिनेमे पुन्हा लागतात, त्यातून पोरं जुनं बघतातच की. आक्षेप वजनदार आहे आणि त्याच्या बाजूने पुरावेही आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ ऐंशीचे झाले तेव्हा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्यांचे अकरा जुने सिनेमे सतरा शहरांत लावले आणि ते सिनेमे आले तेव्हा जे तरुण जन्मलेही नव्हते ते रांगेत उभे राहिले. २०२४ मध्ये त्यांनीच बेनेगलांचा 'मंथन' नव्याने दुरुस्त करून आधी कान महोत्सवात आणि मग देशभरच्या थिएटरांत आणला. पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा १९७६ चा सिनेमा. वर्गणीचा सिनेमा म्हणून याहून चोख उदाहरण मला तरी माहीत नाही. त्याच वर्षी 'तुंबाड' पुन्हा लागला आणि २०१८ मध्ये पहिल्या फेरीत जेवढा गल्ला जमला होता त्याहून अधिक दुसऱ्या फेरीत जमला.

पण 'तुंबाड'चं यश जरा उलटून बघा. २०१८ मध्ये तो अनोळखी होता, म्हणून थिएटरं रिकामी राहिली. मधल्या सहा वर्षांत तो घरोघरी फोनवर पाहिला गेला, एकमेकांना सांगितला गेला, ओळखीचा झाला, आणि मग लोक तिकीट काढून गेले. म्हणजे तिकीट ओळखीच्याच सिनेमाला मिळालं. ओळख व्हायची सोय मधल्या काळात दुसरीकडेच झाली. उद्या येणाऱ्या अनोळखी 'तुंबाड'ला पहिल्याच आठवड्यात दोनशे माणसं कुठून आणायची, या प्रश्नाचं उत्तर पुनःप्रदर्शनाच्या लाटेत सापडत नाही.

मराठा मंदिरचा 'दिलवाले दुल्हनिया'ही याच भरात हमखास सांगितला जातो. २० ऑक्टोबर १९९५ पासून, करोनाची टाळेबंदी वगळता, तो तिथे चालू आहे. २०१५ मध्ये बंद करायचा घाट घातला गेला, तर लोकांनी ओरड केली आणि तो परत सुरू झाला. याला आपण प्रेमाची महती म्हणतो. एकदा साडेअकराच्या खेळाला जाऊन बघा. समोर मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो, शेजारी रेल्वे स्टेशन. प्रेक्षकांत पिशव्या सांभाळत बसलेली, संध्याकाळच्या गाडीची वाट बघणारी माणसं असतात. काही पाय पसरून झोपलेलीही असतात. अगदी स्वस्तात तीन तास सावली आणि बसायला जागा, वर राज आणि सिमरन. शहरातली सगळ्यात जुनी थीम नाईट भर दुपारी चालते आणि तिची थीम 'परवडणं' ही आहे. मला ती मोटारीत बसून बघायच्या सिनेमापेक्षा पुष्कळ अधिक शहरी वाटते.

थीमलाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. उलट, थीम फार ताकदीची गोष्ट आहे. फक्त ती पोशाखावर संपू नये, तिच्यात काही म्हणणं असावं. २००४ च्या मुंबईतल्या सरकारी माहितीपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं. माहितीपटवाल्यांनी गदारोळ केला, अट मागे घेतली गेली, पण पुढे बरेच अडचणीचे माहितीपट निवडीतूनच वगळले गेले. तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. थीम एकच: नाकारलेले सिनेमे. सजावट शून्य. हॉल खचाखच भरत होता, लोक जमिनीवर बसत होते.

मला कुणी एक कार्यक्रम लावायला दिला तर मी 'घर' लावेन. चार आठवडे, दर शनिवारी. पहिल्या शनिवारी राजा ठाकुरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि त्यावरून बासू चटर्जींनी केलेला 'पिया का घर' (१९७२): चाळीतल्या भरल्या घरात नवरा-बायकोला एकांत नाही, यावर हसवणारे. दुसऱ्या शनिवारी 'घरौंदा' (१९७७). दोन पगारदार प्रेमी पै-पै साठवून फ्लॅटचे पैसे भरतात आणि बिल्डर बुडवतो. मग ते घरासाठी काय काय करायला तयार होतात ते बघताना मनावर दडपण येतं. तिसऱ्या शनिवारी आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' (१९८५), झोपड्या पाडणाऱ्या पालिकेच्या गाड्यांचा आणि त्या कशा पाडाव्यात यावर चहा पिता पिता मत देणाऱ्या सुखवस्तूंचा. चौथ्या शनिवारी पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' (२०२४). कानला ग्राँ प्री मिळाल्याच्या बातमीवर आपण सगळे खूश झालो, सिनेमा मात्र थिएटरात फार थोड्यांनी पाहिला. त्यात छाया कदम यांनी रंगवलेली पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर तिच्याकडे खोलीचा एक कागद निघत नाही आणि जागेवर टॉवर यायचा असतो. ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जाते. जाण्याआधी बिल्डरच्या फलकावर दगड मारते.

हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या शनिवारी ज्या चाळीवर आपण पोट धरून हसलो, चौथ्या शनिवारी त्याच चाळीतून बाई बाहेर पडते तेव्हा आपलं हसणं आपल्याला आठवतं. एकेक सिनेमा सुटा बघून हे घडणार नाही. आणि चर्चेला मी समीक्षक बोलावणार नाही. पागडीच्या खोलीत राहणारी एखादी बाई, पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीचा सेक्रेटरी, भाडं थकवणाऱ्या बिल्डरच्या मागे फिरून थकलेला माणूस, अशांना बोलावेन. परळ-लालबागमधल्या अर्ध्या इमारतींत आज हाच विषय चालू आहे: कॉर्पस किती, चटईक्षेत्र किती, ताबा कधी. अशा सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसाठी हे चार शनिवार झाले, तर सर्वसाधारण सभेचा सूरही थोडा बदलेल अशी मला आशा आहे.

अडचणी कमी नाहीत. हॉल लागतो, हक्कधारकाची परवानगी लागते, जाहीर खेळाला प्रमाणपत्र लागतं. घरच्या वापरासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीवर हॉलमध्ये सिनेमा लावणं कायद्यात बसत नाही, हे बऱ्याच उत्साही तरुणांना दंडाची भाषा कानावर आल्यावरच कळतं. थिएटरची डिजिटल प्रत मिळाली तरी ती उघडणारी किल्ली ठरावीक वेळेपुरतीच चालते. जुन्या मराठी सिनेमांचे हक्क नेमके कुणाकडे आहेत हे शोधायला तर गुप्तहेर नेमावा लागेल. पण हे सगळं करता येतं, वर्षभराचे पैसे हाताशी असतील तर. एका रात्रीच्या तिकिटावर एवढी धावपळ कुणालाच परवडत नाही, आणि म्हणूनच कुणी करत नाही.

तेव्हा आपल्याला हवं असेल तर काम सोपं आहे आणि ते आयोजकांचं नाही, आपलं आहे. तुमच्या शहरात एखादं चित्र मंडळ, फिल्म क्लब, ग्रंथालयाचा सिनेमा विभाग अजून जिवंत असेल तर या वर्षी त्याची वर्गणी भरा. नसेल आणि एखाद्या कॅफेवाल्याला शनिवारी गर्दी जमवता येत असेल, तर त्याला गाठून सांगा की आम्ही पन्नास जण वर्षाचे पैसे आगाऊ देतो, बारापैकी सहा सिनेमे तू निवड आणि आम्हाला विचारू नकोस. मग जे लावील त्याला जा. आवडलं नाही तर दिवे लागल्यावर उभं राहून तसं मराठीत सांगा, आणि पुढच्या महिन्यातही जा.